चेक इंजिनचा कोड उडवायचा कधी, कसा, आणि त्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, तिच्यावर बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, गाडी नाशिकला. चेक इंजिनचा पिवळा लाइट लागला. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून बॅटरीची निगेटिव्ह केबल थोडा वेळ काढून ठेवली, लाइट गेला आणि तिसऱ्या दिवशी परत हजर झाला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पी०१७१ हा दोषाचा कोड दाखवला आणि "ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, बदलावा लागेल" म्हणाला. आता विचारणा अशी की, स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणून कोड घरीच उडवला तर चालेल का? त्याने इंजिनला अपाय होतो का? आणि कॅलिफोर्नियातला भाऊ म्हणतो की तिकडे लाइट लागलेली गाडी टेस्टमध्ये पासच होत नाही, हे खरं का?

कोड उडवल्याने इंजिनला काही होत नाही. घरी उडवता येतो, अवघड नाही. पण आत्ता उडवू नका. 'इरेज' दाबलं की नुसता कोड जात नाही. कोड बसला त्या क्षणी इंजिन काय करत होतं याची नोंद, म्हणजे फ्रीज फ्रेम, तीही पुसली जाते. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याचे शेरे पुसले जातात. बऱ्याच गाड्यांत शिकून ठेवलेलं इंधनाचं प्रमाणही शून्यावर येतं. नंतर गाडी आमच्याकडे गॅरेजात आली की आमच्या हातात काहीच नसतं. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं, आणि अंदाज चुकला तरी पैसे गिऱ्हाइकाचेच जातात.

लाइट तिसऱ्या दिवशीच का परत आला, ते आधी समजून घ्या. बहुतेक दोषांसाठी ईसीयू एकदा दोष दिसला म्हणून लगेच लाइट लावत नाही. पहिल्या फेरीत दिसला तर तो 'पेंडिंग' म्हणून लिहून ठेवतो. लागोपाठ पुढच्या फेरीत पुन्हा दिसला की कोड पक्का होतो आणि लाइट लागतो. फेरी म्हणजे गाडी चालू करणं, त्या दोषाची तपासणी होईल इतपत चालवणं आणि बंद करणं. केबल काढल्यावर तुमच्या गाडीत शिकलेले आकडेही गेले असणार. ईसीयूने परत पहिल्यापासून मोजायला घेतलं, हळूहळू त्याच मर्यादेला पोचला, दोन फेऱ्या झाल्या आणि लाइट लागला. म्हणजे दोष मधल्या दिवसांतही होताच, त्याची मोजणी तेवढी नव्याने चालली होती.

याचा उलटा भागही आहे, आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. दोष खरंच गेला असेल तर लाइट आपोआप विझतो. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की लाइट बंद होतो, आणि त्यानंतर इंजिन सुमारे ४० वेळा थंड होऊन पुरेसं गरम झालं की कोडही मेमरीतून निघून जातो. एखाद्या ढिल्या कपलरमुळे (वायरच्या जोडामुळे) लाइट लागला होता आणि तुम्ही तो नीट बसवलात, तर स्कॅनर नसला तरी काही अडत नाही.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. लाइट स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजला नेता येते. लाइट लुकलुकत असेल तर तो मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि तोही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याला) इजा करणारा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातं, कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळते. प्लग किंवा कॉइलचं काम त्यामानाने स्वस्त आहे, कन्व्हर्टरचं बिल ऐकून माणूस खाली बसतो. लुकलुकताना पाय लगेच हलका करा, तरी थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या. ऑइलचा आणि टेंपरेचरचा लाल लाइट हा वेगळा विषय आहे. तो दिसला की इंजिन बंद, स्कॅनर वगैरे सगळं नंतर.

आता स्कॅनर. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाचा तेव्हाचा निकष) गाड्यांना ओबीडी-२ ची (गाडीने स्वतःचे दोष तपासून सांगायच्या व्यवस्थेची) सक्ती एप्रिल २०१३ पासून आली, तेव्हा तुमच्या २०१८ च्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट आहेच. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला हात घालून बघा. बाजारात ईएलएम३२७ नावाने मिळणारे डबीएवढे ब्लूटूथ अडॅप्टर बहुतेक नकली चिप असलेले असतात. त्यातले 'आवृत्ती २.१' लिहिलेले बरेचसे काही कमांडना उत्तरच देत नाहीत. कोड वाचणं आणि उडवणं एवढं त्यांच्याकडून होतं, लाइव्ह डेटा मात्र अडखळतो. थोडे जास्त पैसे घालून बरा घ्या. आयफोन असेल तर वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा लागतो, जुन्या ब्लूटूथचा चालत नाही. सॉकेटमध्ये लावल्यावर अडॅप्टरचा दिवाच लागला नाही तर अडॅप्टरला दोष देण्याआधी फ्यूज तपासा. पुष्कळ गाड्यांत मोबाइल चार्जिंगच्या बारा व्होल्ट सॉकेटचा आणि या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर सकाळी सेल्फ मारताना नुसती टकटक ऐकू येईल.

ॲप जोडलं की कोडच्या पानावर न थांबता फ्रीज फ्रेमच्या पानावर जा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुमच्या कोडसाठी मला हवे असलेले आकडे हे: आरपीएम, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम. पी०१७१ म्हणजे बँक १ वर (सिलिंडरच्या पहिल्या रांगेत) मिश्रण पातळ, म्हणजेच लीन, हवेच्या मानाने इंधन कमी. ट्रिम म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी घालतोय तो आकडा; शॉर्ट टर्म त्या क्षणाचा, लाँग टर्म शिकून ठेवलेला, आणि दोन्हींची बेरीज धरायची. शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे दहापर्यंत असेल तर गाडी ठीक. तो अधिक पंचविसाच्या आसपास पोचला की साधारणपणे हा कोड बसतो.

समजा फ्रीज फ्रेममध्ये आरपीएम ७६०, वेग शून्य, कूलंट ८८ अंश, लाँग टर्म अधिक २३ आणि शॉर्ट टर्म अधिक ७ असं दिसलं. एवढ्यावरून बरंच कळतं. गाडी गरम होऊन सिग्नलला किंवा दारात उभी होती, चढाचा प्रश्न नव्हता, आणि आयडलिंगलाच तिला तीस टक्के जास्त इंधन द्यावं लागत होतं. याऐवजी वेग ७० आणि लोड ८० टक्के दिसला असता तर मी आधी फ्युएल पंप, फिल्टर आणि प्रेशरकडे गेलो असतो. दोन्हीत कोड एकच, दुरुस्ती निराळी. या फोटोशिवाय गॅरेजात गेलात तर समोरचा माणूस कोडवरूनच पार्ट सांगणार.

तुमच्या गाडीत मात्र या सगळ्याआधी एक प्रश्न येतो: लाइट लागला तेव्हा गाडी गॅसवर होती की पेट्रोलवर? बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या ईसीयूकडून पेट्रोल इंजेक्टरची वेळ घेतं आणि तिला आपल्या मॅपने (साठवलेल्या आकड्यांच्या तक्त्याने) गुणून गॅसचे इंजेक्टर उघडतं. मॅप नीट बसवलेला नसेल, रेग्युलेटरचं प्रेशर पडलेलं असेल किंवा गॅसचा फिल्टर तेलकट घाणीने भरला असेल तर गॅसवर मिश्रण पातळ होतं. पेट्रोलचा ईसीयू बिचारा ट्रिम वाढवत राहतो आणि शेवटी कोड टाकतो. पेट्रोलच्या भागात काहीच बिघडलेलं नसतं. ट्रिमचा वाढीव आकडा तसाच राहतो, मग पेट्रोलवर टाकल्यावर गाडी थोडा वेळ जाड मिश्रणावर चालते आणि सायलेन्सरला वास येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पेट्रोलवर पण नीट नाही." म्हणून आकडे टिपून झाले की आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा आणि लाँग टर्म ट्रिम बघत जा. तो हळूहळू उतरून पाच-सातवर आला तर काम किटवाल्याचं आहे. त्याने लॅपटॉप लावून पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर पेट्रोल इंजेक्शनची वेळ जुळवून द्यायची असते. ते ट्यूनिंग फुकटात मागू नका, पण करवून घ्या. गाडी गॅसवर मिसिंगही मारत असेल तर प्लग काढून बघा. गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीचं काम करणारे प्लगचा गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात.

पेट्रोलवरही ट्रिम वरच राहिला तर पुढची पायरी. गरम इंजिन, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आयडलिंगला ट्रिम बघा, मग आरपीएम २५०० वर धरून अर्धा मिनिट बघा. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ सांगतात की आयडलिंगला ट्रिम जास्त आणि २५०० ला कमी, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर) कुठेतरी हवा गळतेय. ते बरोबर आहे, पण ज्या गाडीत हवा मोजायला मास एअरफ्लो सेन्सर आहे तिच्यासाठी. आपल्या बऱ्याचशा छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत पाइप फाटून हवा आत आली की दाब वाढतो, ईसीयूला ती हवा दिसते आणि तो त्याप्रमाणे इंधनही देतो. तिथे गळतीचं लक्षण वाढलेलं किंवा वरखाली होणारं आयडलिंग हे असतं, ट्रिम तितका हलत नाही.

मॅप सेन्सरवाल्या गाडीत आयडलिंगलाच ट्रिम चढलेला दिसला तर मी एक्झॉस्टकडे बघतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गॅस्केट उडालेला असेल किंवा चीर असेल तर एक्झॉस्टच्या ठोक्यांमधल्या क्षणांत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो 'पातळ' म्हणून सांगतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल ओततो. मायलेज पडलं, प्लग काळे, आणि कोड मात्र लीनचा, असा उलटा मामला असेल तर हेच. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेटजवळ कान द्या, टिक-टिक असा आवाज येतो आणि इंजिन गरम होऊन धातू फुगला की कमी होतो. चिरेभोवती काजळीचा काळा पट्टाही दिसतो. दोन्ही ठिकाणी, आयडलिंगला आणि २५०० ला, ट्रिम सारखाच वर असेल तर फ्युएल प्रेशर आणि इंजेक्टर. हे काम घरी करू नका, प्रेशर गेज लावायला लाइन उघडावी लागते.

आणि ज्या सेन्सरवर गॅरेजवाल्याने बोट ठेवलं त्याचं काय? लीनचा कोड ऑक्सिजन सेन्सरने दिलेल्या मापावरून येतो. तेवढ्यावर सेन्सर बदलणं म्हणजे विजेचं बिल जास्त आलं म्हणून मीटर बदलण्यासारखं आहे. कधीकधी मीटरही फास्ट असतो, हे मान्य. पण ते तपासता येतं. पुढचा सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर गरम इंजिनवर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होताना दिसलं पाहिजे. एअर फिल्टरच्या डब्यातून थोडा कार्ब क्लीनर नेमका आणि जपून मारला की, म्हणजे मिश्रण मुद्दाम जाड केलं की, ते लगेच ०.८ च्या वर जायला हवं. गेलं, तर सेन्सर जिवंत आहे आणि तो खरं बोलतोय. गेलंच नाही, किंवा जायला फार वेळ लावला, तर मग बदला. त्याआधी वायर बघा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात आणि त्यांचा सगळा राग वायरिंगवर निघतो. नवा सेन्सर जुन्या कुरतडलेल्या वायरवर बसवलेल्या गाड्या आमच्याकडे नेमाने येतात.

दोष सापडला, काम झालं, आता कोड उडवा. चावी ऑनवर, इंजिन बंद. काही गाड्या इंजिन चालू असताना इरेजची आज्ञा ऐकतच नाहीत, म्हणून बंदच ठेवलेलं बरं. ॲपमध्ये आधी साठलेले आणि पेंडिंग असे दोन्ही कोड वाचा, फोटो काढला आहे याची खात्री करा, इरेज दाबा, चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा, परत ऑन करून वाचा. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना चेक इंजिनचा लाइट लागलाच पाहिजे, ती बल्बची तपासणी आहे. गाडी सुरू झाली की तो जातो. कोड लगेच परत आला, तर बहुधा एखादी वायर तुटलेली, कपलर निघालेला किंवा सेन्सरचं सर्किट शॉर्ट आहे. असे दोष पकडायला ईसीयूला चालत्या गाडीची गरज नसते.

बॅटरीची केबल काढण्याचा उपाय मी सुचवत नाही. जुन्या गाड्यांत कोड बॅटरीच्या करंटवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असायचे, म्हणून केबल काढली की जायचे. नव्या गाड्यांत ते बऱ्याचदा वीज गेली तरी टिकतात, आणि बाकी मात्र सगळं विस्कटतं. थ्रॉटलचं आयडलिंग शिकलेलं जातं आणि गाडी सिग्नलला बंद पडते, काचेचं एका दाबात वर जाणं बंद होतं, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते. एअरबॅगचा आणि एबीएसचा लाइट तर केबल काढून सहसा जातच नाही, आणि साध्या ओबीडी ॲपला ती मॉड्यूल्स दिसतही नाहीत. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला घरी हात लावू नका.

कोड उडवल्यावर लगेच 'झालं काम' म्हणू नका. ॲपमध्ये रेडिनेस किंवा मॉनिटर नावाचं पान असतं, ईसीयूच्या कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्या ते तिथे दिसतं. मिसफायर, इंधन आणि साधे सेन्सर यांची तपासणी सतत चालू असते. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा हीटर यांच्या तपासण्यांना ठरावीक परिस्थिती लागते. रात्रभर थंड झालेली गाडी, काही मिनिटं आयडलिंग, मग गावातून थोडं आणि हायवेवर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं, मध्ये ब्रेक न दाबता नुसता ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरवणं. तुम्ही नाशिकचे, तेव्हा सकाळी घोटीपर्यंत जाऊन आलात तरी बरंच उरकेल. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा. मॉनिटर पूर्ण झाले, पेंडिंगमध्ये काही नाही आणि ट्रिम दहाच्या आत आहे, तर काम झालं. पेंडिंगमध्ये तोच पी०१७१ परत दिसला तर लाइट लागायची वाट न बघता गॅरेजला जा.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी एक वाक्य मध्येच टाकतो, कारण हेच उत्तर वाचून ते इरेज दाबतील. डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) भरल्याचा कोड उडवल्याने फिल्टरमधली काजळी कमी होत नाही, ती जाळावीच लागते. त्यासाठी हायवेवर वेग आणि आरपीएम टिकवून चालवायला हवं, आणि फारच भरला असेल तर वर्कशॉपमध्ये सर्व्हिस रिजनरेशन, म्हणजे तिथे काजळी जाळून घेणं.

जुनी गाडी घ्यायला जाताना हाच अडॅप्टर खिशात ठेवा. कोड उडवल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि किती वेळा गरम झाली, हे दोन आकडे बऱ्याच गाड्या ओबीडीवर सांगतात. विकणारा म्हणतो "एकदम टकाटक, कधी लाइटच लागला नाही", आणि आकडा दाखवतो की कोड उडवून जेमतेम अकरा किलोमीटर झालेत, मॉनिटर सगळे अपूर्ण. मग निदान भाव तरी त्या हिशेबाने बोला. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा लाइट क्षणभरही लागत नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

राहता राहिला तुमच्या भावाचा मुद्दा. तो बरोबर सांगतोय. आपल्याकडे पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात, ईसीयूला कोणी काही विचारत नाही. त्यामुळे लाइट लागलेली गाडीही पीयूसीत पास होऊ शकते. अमेरिकेत ओबीडी-२ हे १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांच्या स्मॉग चेकमध्ये (तिथल्या पीयूसीत) सायलेन्सरला नळी लावत नाहीत, थेट त्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडतात. लाइट लागलेला असेल तर नापास. आदल्या दिवशी कोड उडवून गेला तर मॉनिटर अपूर्ण म्हणून नापास, एकट्या इंधनाच्या वाफेच्या मॉनिटरला तेवढी सूट आहे. जुलै २०१९ पासून तिथे 'पर्मनंट' कोडही बघतात. हे कोड साधारण २०१० नंतरच्या गाड्यांत असतात आणि स्कॅनरने किंवा केबल काढून उडत नाहीत. ती तपासणी गाडीने स्वतः करून दोष नाही असं ठरवलं, तरच ईसीयू ते पुसतो. अपवाद एवढाच की, कोड उडवल्यानंतर गाडी १५ वेळा गरम झाली आणि २०० मैल चालली असेल तर टेस्टमध्ये पर्मनंट कोडकडे दुर्लक्ष करतात. भावाची तारीख जवळ आली असेल तर त्याला दुरुस्ती दोन-तीन आठवडे आधीच उरकून घ्यायला सांगा.